चार हजार एक

खामगावच्या डोळ्यांच्या दवाखान्यात हुस्नबानो बाकावर पेंगत बसली होती. शेजारी रिटायर झालेले उकंडराव मास्तर आणि त्यांची बायको सत्यभामाबाई. मास्तरांचं आज मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं.

"महाराष्ट्र झाला तवापासून त्या दहा कोटी सात आकड्याले भागून राह्यले तुम्ही," सत्यभामाबाई म्हणाल्या. "आता तरी संपलं ना?"

"दहा हजाराच्या आतले बाराशे अठ्ठावीस मूळ भाजक झाले. एकानंही भाग गेला नाही. पन एक राह्यला."

"वहीत तं साऱ्यांवर खुना हायेत. म्याच मोजल्या."

"चार हजार एकवर खोटी खून केली. त्या दिवशी तू तापानं फणफणत होती."

"अन् त्यानंच भाग गेला तं?"

"तं ते मूळ संख्या नाही. सारी मेहनत पान्यात."

"मंग आत्ताच करा. पट्टी बांधल्यावर महिनाभर पाटी दिसनार नाही."

"आत्ता तरी कुठं दिसते?"

"तोंडी करा. आकडे मी ध्यानात ठेवते."

"पंचवीस हजार वेळा घेतला, तं चोवीस हजार नऊशे त्र्याण्णव जास्त होते."

"मंग थोडे कमी घ्या!"

"सात कमी घेतो..."

"उकंडराव कोन?" कंपाउंडरनं दारातून हाक मारली.

"ठहरो भाई," हुस्नबानोच म्हणाली, "मास्तरसाबचं अर्धं राह्यलं हाय."

"तीन हजार चौदा उरले. नाही जात भाग, अवं!"

"म्हंजे मूळ?"

"पक्की मूळ. आता डोळे गेले तरी चालते."

"मले नाही चालत. उठा."