रिकाम्या जागेचा फरक

…अन् वरून मलेच म्हणतात, "तुझ्या मशिनीपायी बहिणीचं लगीन मोडलं असतं!" मशिनीपायी? तुम्हाले सांगतो, मशीन एकदम खरं बोलली. फरक आहे म्हणजे आहे!

मी कलीम. मारेगावच्या नासिर मिस्त्रीचा पोरगा. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाले सोडलं. हे अब्बा कोणाले सांगत नाहीत, अन् जमीर फुफा, म्हणजे आत्याचे मालक, कोणाले सांगाचं सोडत नाहीत. पण मी काही बसून नव्हतो ना! मोबाईलवर पाहून पाहून प्रोग्राम लिहाले शिकून राह्यलो. दोन फाइली द्या, माझा प्रोग्राम एकेक बाइट ताडून सांगते कुठं वेगळं आहे, अन् त्या शून्य-एकाच्या रांगेचं अक्षर करून दाखवते. फुफा म्हणे, "शून्य तं तू घरी बसूनच झाला, एक कधी होशील?"

तर तमन्नाच्या लग्नाचं कार्ड. मराठीत. काहून? तर अर्ध्या बुजुर्गांले उर्दू वाचता येत नाही अन् कबूल कोणी करत नाही! मजकूर फुलचंदभाऊच्या छापखान्यात टाइप झाला. एक फाइल आमच्याकडं आली, एक मुकुटबनले गेली, ती नवऱ्याकडच्यांनी पाहून 'मंजूर' म्हणून परत पाठवली. अन् कार्डावरच्या नावाचा मान असा, की चुलत्याच्या खाली मामा छापला तर मामाची पूर्ण गल्ली जेवाले येत नाही! मुकुटबनचे पाहुणे बैठकीत चहा पिऊन राह्यले, अन् फुफा मोठ्यानं, "कलीम, लाव तुझी मशीन! पाहू दे, आपल्या मजकुरात कोणी हात घातला का!"

लॅपटॉपवर लावली. अर्धं कार्ड लाल! ठिकठिकाणी फरक! छाती अशी फुगली म्हणता… उभा राहून ओरडलो, "मुकुटबनवाल्यांनी मजकूर बदलला!"

समधीसाहेबांनी, नवरदेवाच्या अब्बांनी, कप खाली ठेवला. "आम्ही? एक काना-मात्रा हलवली नाही आम्ही!"

फुफा, "मशीन झूठ नहीं बोलती."

अब्बा हळूच, "कलीम, बंद कर बेटा."

"काहून बंद करू? फरक आहे म्हणजे आहे!" पडद्याआडून तमन्ना पाहून राह्यली होती, तिचा चेहरा पांढरा. मले दिसला. तरी बोललो.

समधी म्हणाले, "मग पहिला फरक वाचून दाखव."

शून्य शून्य एक, मग पाच शून्य. अक्षर करून घेतलं… काहीच नाही. पुन्हा दाबलं. काहीच नाही! फुफा ओरडले, "अरे बोल ना, काय लिहिलं?" काय बोलू? स्पेस होती हो! दोन शब्दांच्या मधात असते ती खाली जागा. आमच्या फाइलीत एक जास्तीची. जेवणाच्या पंगतीत, दस्तरखानावर एक जण मधात घुसला की पुढचे सगळे सरकतात, तसं पुढचं सगळं एक घर सरकलं, अन् माझ्या प्रोग्रामले सगळेच परके दिसले.

इथं थांबाचं होतं. पण थांबतील तर फुफा कायचे! फुलचंदभाऊले फोन, तोही स्पीकरवर.

"खाली जागा? हा, ते होय! कलीमच्या नावाच्या अगोदर 'इंजि.' होतं, मोठ्या पोरीच्या कार्डावरून आलेलं. नासिरभाई सोता आलते, म्हणे चुपचाप काढ, पोराले कळू देऊ नको. काढलं, जागा तेवढी राह्यली, तुमच्याकडं तशीच गेली. मुकुटबनले पाठवताना तीही साफ केली."

अब्बा चहातली साय पाहून राह्यले. अरे, खोटं छापलं तेव्हा मले विचारलं नाही, खरं केलं तेव्हाही नाही! पण माफी कोणी मागितली? म्या! समधीले, त्यांच्या आईले, अन् काहून ते माहीत नाही, पण फुफाले बी!

कार्ड छापून आलं. माझं नाव कडेले चिकटून, अगोदर बोटभरही जागा नाही. कार्ड वाटाच्या आधी अब्बांनी छापखान्यातली फाइल आणून लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. "एकदा तपासून घे."

तपासलं बापा. काहीच फरक नाही.