चौथी ओळ, चार ठोके

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे साहेब लोक, आजचे सत्कारमूर्ती वेल्डरकाका, काकू आणि खाली बसलेल्या माझ्या भावांनो,

मी चौथी नापास, घरापासून लांब आलेला माणूस. माझ्याकडून भाषणाची अपेक्षा कुणी करू नये. पण काकांनी मला जेवणाच्या सुट्टीत पुन्हा मुळाक्षरं शिकवली, पाइपावर पाना ठोकून. क ख ग घ ङ ही पहिली ओळ, प फ ब भ म ही पाचवी. आधी ओळीचे ठोके, मग त्या ओळीतल्या अक्षराचे. रोज एक कोडं. सोडवलं तर चहा, चुकलं तर, "गाढवा, पुन्हा मोज."

दोन वर्षांपूर्वी आपला हेल्पर टाकीत गॅसने गुदमरून मेला. मुकादम म्हणाला, शिडीवरून पडला. मी चौकशीत खरं सांगणार होतो. आदल्या दुपारी मुकादमाच्या दोघा माणसांनी मला स्टोअरमध्ये गाठलं. सळईने जबडा फोडला. उजवा हात बुटाखाली चेचला. बोटं मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. मग त्याच टाकीत टाकून झाकण आवळलं. चार वाजता तीत ॲसिड सोडायचं होतं.

ओरडणार कशाने? आणि यार्डात सगळेच ठोकतात, माझं ठोकणं ऐकणार कोण? तळाशी एक बोल्ट सापडला. डाव्या हाताने ठोकलं, "मदत". पुन्हा, पुन्हा.

वर दोघे पहारा देत होते. माझे ठोके ओळखून धावत आलेल्या काकांनी एकाचा गुडघा पान्याने फोडला. तो माफीचा साक्षीदार होऊन सुटला, आज मागच्या रांगेत पाय लांब करून बसलाय, त्यालाही नमस्कार. दुसऱ्याने काकांच्या दोन्ही कानांवर सळई घातली. तरी झाकण उघडलं. आत डोकावले तेव्हा त्यांच्या कानांतलं रक्त माझ्या तोंडावर ठिबकत होतं. म्हणाले काय? "गाढवा, द चौथ्या ओळीत तिसरा. चार ठोके कसले देतोस? मधत म्हणजे काय?"

मुकादम तुरुंगात गेला. काकांचे कान गेले.

म्हणजे मंडळी, मी एवढं बोललो त्यातलं ज्यांच्यासाठी बोललो त्यांना काहीच ऐकू आलेलं नाही. काकू, त्यांचा हात जरा टेबलावर ठेवा. हां, असा. पालथा.

ठोकतो आता. न. म. न.

हसताय काय काका? काकू, काय म्हणतात ते? "शेवटी एक ठोका कमी."

असेल. बोटं अजून नीट वळत नाहीत. आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, उपकार झाले. चूकभूल पदरात घ्यावी. काका घेणार नाहीत, आणि त्यांनी घेऊही नये.