आजीची सावली

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलो होतो. मागच्या बाकावर एक आजोबा आणि त्यांची शाळकरी नात बोलत होती.

"थांब, लगेच पुढे पाठवू नकोस. पूल कोसळल्याचा फोटो ना? आधी सावल्या बघ."

"आबा, सगळ्या ग्रुपवर फिरतोय तो."

"फिरेना का! चाळीस वर्षं स्टुडिओत फोटो जोडलेत मी. खांबाची सावली कुठे पडलीय?"

"डावीकडे."

"आणि माणसांची?"

"उजवीकडे! म्हणजे खोटा आहे की हो."

"सूर्य काही दोन नसतात, बाळा."

"आबा, मग आपल्या हॉलमधला आईच्या लग्नाचा फोटो?"

"त्याचं काय?"

"अंगणात सगळ्यांच्या सावल्या डावीकडे पडल्यात. आजीची एकटीचीच उजवीकडे आहे."

"बघितलंस होय?"

"आत्ता आठवलं. मला तर वाटायचं, आजी लग्नाला होती."

"दोन महिने आधीच गेली ती. तिचा बागेतला एक फोटो होता, त्यातून कापून बसवली."

"आईला माहितीये?"

"तिनंच तर हट्ट धरला होता, आईला माझ्या शेजारी उभं करा म्हणून."

"मग सावली का नाही बदललीत? तुम्हाला तर सहज जमलं असतं."

"जमलं असतं. मुद्दामच ठेवली."

"का?"

"रोज समोर दिसतो तो फोटो. सावली जुळवली असती, तर ती लग्नाला आली होती, असं एक दिवस मलाच खरं वाटायला लागलं असतं."