गोटी दाबली की

भाविका : ...आणि उभी राहून मी सरळ विचारलं, "सर, प्रयोगात आपण खायचा सोडा टाकतो, पण खऱ्या ज्वालामुखीच्या पोटात तो कोण टाकतं?"

आई : अगो बाय! भर वर्गात?

भाविका : माझ्या बाकावरच्या रुचितानं पैजच लावलेली. म्हणे, तुझा आवाज अजून कुणी ऐकलाय का!

बाबा : मग? काढलं ना वर्गाबाहेर?

भाविका : न्हाय! सर हसले. म्हणाले, "कुणीच टाकत नाही. खरं कारण शोध आणि शनिवारी पाचवीच्या मुलांना प्रयोग करून दाखव."

बाबा : शनवारी? शनवारी नागावला पर्यटकांची झुंबड. गोटीसोड्याच्या गाडीवर माझ्याबरोबर कोण हुभं राहील?

भाविका : बाबा, आधी सांगा, गोटी दाबल्यावर फेस कशानं येतो?

बाबा : गोटीनं! आज्यापासून दाबतोय आपण.

भाविका : चूक! ही बाटली घ्या. आत बुडबुडे दिसतायत?

बाबा : न्हाय बा. गप पानी हाय.

भाविका : गॅस त्याच्यातच आहे. दाबाखाली पाण्यात विरघळलाय, म्हणून दिसत नाही. गोटी म्हणजे नुसतं दार. आता उघडा.

(फस्स! बाबांचा सदरा ओलाचिंब.)

आई : आत्ता धुतलेला मी तो!

भाविका : अगं, हेच तर! जमिनीत खोलवर खडक वितळलेला असतो, त्यातही असाच गॅस दडलेला. खडक वर येऊ लागला की दाब कमी होतो, आणि बुडबुडे सुटतात.

बाबा : मग आपल्या किनाऱ्यावरचा काला कातल? तो पन असाच उडाला?

भाविका : तो बहुतेक पसरत आला. वितळलेला खडक पातळ होता ना, गॅस सहज निसटला. आई, पाणी उकळताना बुडबुडे कसे मुकाट फुटतात. आणि आंबील?

आई : घट्ट झाली का फटाफट उडते मेली! हा बघ हातावरचा डाग.

भाविका : घट्टात वाफ अडकते, मग जोर करून फुटते. ज्वालामुखीचंही तसंच.

आई : म्हंजे मी रोज ज्वालामुखी ढवळतेय?

बाबा : ते र्‍हाऊ दे. गाडीवर "सोडा घ्या" म्हणायची येळ आली का ही माझ्या मागं लपते. आन् तिथं एवढ्या पोरांपुढं बोलणार?

भाविका : हो.

आई : घाबरलीस तर गो?

भाविका : घाबरले तरी बोलेन. बाबा, शनिवारी मी गाडीवर येणार नाही. रविवारी येईन... आणि हाक मी मारणार.