परकं गिऱ्हाईक

नाय नाय, बरोबर आलात, हेच ते दुकान — म्हणजे दुकान नाय, आमचं घर हाय, पण बॅनरवर पत्ता हाच हाय ना, मग बरोबर आलात. बसा. पिशवी ठेवा खाली. पिशवी कशाला आणलीत शेठ, सॉफ्टवेअर काय किलोवर देतात? हसा, हसा, आम्ही पण हसायला शिकलोय आता. बॅनरवर तो गॉगलवाला दिसला ना, तो माझा मुलगा, कल्पेश. फोटो मामाच्या पोरीच्या हळदीतला हाय, आणि गॉगल पण त्याचा नाय. त्याच्या बापाने केलं ते बॅनर, पोराला न विचारता, कुळगावच्या नाक्यावर — भव्य उद्घाटन, वर देव, खाली सगळी भावकी हात जोडून. छापणाऱ्याने विचारलं पत्ता काय टाकू, तर ह्यांनी घरचा सांगितला. आता हे दुकान असतं इंटरनेटवर, त्याचं नाव कंप्युटरमध्ये टाकलं की उघडतं — ते नाव कुठं? खाली कोपऱ्यात, मुंगीएवढं. तुम्ही टेम्पोतून वाचणार कसं? नाय दिसलं ना? तेच सांगते.

उल्हासनगरवरून आलात, नाय का. नाव काय बोललात — मुकेश. बरं, मुकेशशेठ, धंदा कसला? मंडप डेकोरेशन? अरे, मग तुम्हाला मंडपवाल्यांचंच पाहिजे असणार. ते तर कल्पेशने स्वतः बनवलंय. चहा ठेवलाय, घेऊन जा, तो येईलच. माझा भाऊ चंदर, त्याचा पण हाच धंदा — खुर्च्या, गाद्या, टोप भाड्याने द्यायचे. आता हळदीला गेलेले टोप कधी सगळे परत येतात का? तुम्ही मान हलवताय म्हणजे तुमचे पण जातात. ज्याला विचारावं तो बोलतो, आमच्याकडं नाय, शेजारी बघा. कल्पेशने मामाचे हाल बघितले आणि कंप्युटरवर असं काय केलं की कुठला टोप कुठल्या घरी बसलाय ते दिसायला लागलं. मोठ्या ऐटीत मामाला दाखवलं, आणि पहिलाच टोप निघाला कुठं? आमच्या घरात. मी आंघोळीचं पाणी तापवत होती त्यात, वर्षभर. चंदर अजून माझ्याशी नीट बोलत नाय.

मग त्याला वाटलं, असली कामं करणारी पोरं इकडं बरीच हायत — अंबरनाथला शिवमंदिराकडचा एक हाय, तो क्लासवाल्यांसाठी बनवतो, वांगणीचा एक डॉक्टर लोकांसाठी — तर सगळ्यांचा माल एका जागी मांडायचा. घरबसल्या बघायचं, पैसे भरायचे, की तुमच्या कंप्युटरमध्ये उतरतं. मोबाईलवर नाय हां, कंप्युटरवरच. चांगली नोकरी सोडली त्यासाठी. मी बोलली, बाबा, दुकान टाकतोस, मग गाळा कुठं घेतलास? बोलला, आई, गाळा नाय, शटर नाय, दार पण नाय. मी बोलली, मग पूजा कुठं करायची?

केली. करणार नाय होय? लॅपटॉप पाटावर ठेवला, हळदीकुंकू वाहिलं, फुलं ठेवली. गुरुजींनी विचारलं, दुकानाचं तोंड कुठल्या दिशेला? कल्पेश बोलला, चारही दिशांना. गुरुजींनी पंचांग मिटलं, बोलले, आपण पूर्व धरून चालू. नारळ उंबऱ्यावर फोडला तर पाणी उडून पार पाटापर्यंत, आणि कल्पेश लॅपटॉप भिजू नये म्हणून त्याच्यावर पालथा पडलेला. गावातली सगळी माणसं मंडपात बसून वाट बघतायत, दुकान कधी उघडतंय. मी सांगितलं, उघडलं, जेवून घ्या.

पण शेठ, बोहणी नको? तुम्ही धंदेवाले माणूस, तुम्हाला कळेल. नवीन दुकानातून भावकीचं माणूस रिकाम्या हाताने जातं का? माझ्या जावेने बांगड्यांचं दुकान टाकलं तेव्हा आमच्यात बाप्यांनी पण बांगड्या घेतल्या. मग माझ्या पोराने काय घोडं मारलंय? आता अडचण काय, आमच्या भावकीत कंप्युटर हाय कोणाकडं? कोणाकडंच नाय. म्हणून मी — हे तुम्हाला सांगायचं नव्हतं खरं तर, पण आता निघालंच तोंडातून — मी माझ्या भाचीला, करिष्माला, आतल्या खोलीत कल्पेशच्या जुन्या कंप्युटरवर बसवली आणि एकेकाला आत बोलावलं, जे आले नव्हते त्यांना फोन. नाव सांग, नंबर सांग, पैसे पाठव, झालं. बनूबाईने, माझ्या नणंदेने, डॉक्टर लोकांचं घेतलं. मी विचारलं, तुला ते कशाला? बोलली, गुडघे दुखतात ना. खाली तारे द्यायचे असतात, ते सगळ्यांनी पाचच्या पाच दिले, आणि दोन शब्द लिहायचे असतात, ते ज्याने जसे सांगितले तसे करिष्माने लिहिले. बनूबाईने सांगितलं — छान आहे, जेवण पण छान होतं.

कल्पेशच्या मोबाईलवर टिंग वाजतं, कोणी काय घेतलं की. त्या दिवशी नुसतं टिंग टिंग टिंग. तो बाहेर मंडपात, आम्ही आत. पंगतीतून धावत आला, मला घट्ट धरलं, बोलला, आई, लोकांना आवडतंय गं, अनोळखी लोकं घेतायत. नावं कुठं बघतोय तेव्हा, नुसता आकडा बघत होता. शेठ, एवढा खुश मी त्याला दहावीच्या निकालाला पण बघितला नव्हता. मी काय सांगणार? मी त्याच्या तोंडात पेढा घातला.

दुसऱ्या दिवशी सगळं बंद. ते पैसे घेऊन देणारी एक कंपनी असते मध्ये, त्यांना वाटलं काहीतरी लबाडी चाललीये — एवढी माणसं आणि सगळी एकाच घरातून, एकाच कंप्युटरवरून? मग कल्पेशने एकेक नाव काढून वाचलं. जेवण पण छान होतं, तिथपर्यंत आला आणि थांबला. ओरडला नाय. ओरडला असता तर बरं झालं असतं, मी पण ओरडली असती, मिटलं असतं. एवढंच बोलला, मला वाटलं, लोकांनी खरंच घेतलं. मला इतकं वाईट वाटलं शेठ, काय सांगू. त्याने सगळ्यांचे पैसे परत केले, तारे पुसून टाकले, तेव्हा कुठं दुकान परत चालू झालं. पण त्यानंतर मोबाईल काय वाजला नाय.

आता? आता तो आनंदनगरला गेलाय, एमआयडीसीत. तिथे एका कंपनीत कंप्युटरवर बसायची जागा हाय, साहेबाला भेटून आज हो की नाय ते सांगायचंय. नोकरी वाईट नाय हां, मी नोकरीला नावं ठेवत नाय. पण सकाळी शर्टाला इस्त्री करताना बोलला, एक परकं गिऱ्हाईक आलं असतं ना आई, एक जरी, तर थांबलो असतो. आणि मग तुम्ही गेट उघडून विचारलंत, सॉफ्टवेअरचं दुकान इथंच का. मी हात पुसायच्या आधी देवाला हात जोडले, खोटं नाय सांगत. बोलली, ह्या माणसाला आता सोडायचं नाय, पोरगा येईपर्यंत बसवून ठेवायचं, चहा देऊ, पोहे करू, जेवायला —

हे काय काढलंत? पिशवीत लॅपटॉप हाय? आत्ताच घेता? इथूनच?

आमचा वायफाय कशाला पाहिजे तुम्हाला? नाय, तसं नाय, पासवर्ड माहीत हाय मला, करिष्माने भिंतीवर लिहून ठेवलाय — तिकडं नका बघू. थांबा जरा, मला विचार करू द्या. इथून घेतलंत तर ते परत ह्याच घरातून गेलं ना? परत तेच. त्याच्या मोबाईलवर टिंग होईल, साहेबासमोर बसून तो बघेल, कुठून आलं — घरून. नको. बंद करा तो. रोख? रोख तर अजिबात नको, रोख घेऊन मी काय करू, डब्यात ठेवू? आणि समजा तुम्ही थांबलात, तो आला, आणि दारातून त्याला काय दिसलं — तुमच्या हातात बशी, समोर मी बसलेली. त्याला काय वाटेल? आईने आणून बसवला. मी शंभर शपथा घेतल्या तरी पटेल का त्याला, आणि का पटावं?

उठा शेठ. चहा राहू दे, तसा पण जास्त गोड झालाय. चप्पल तिकडं हाय. नाक्यावरून जाताना बॅनरच्या खालच्या कोपऱ्याचा फोटो काढा, तिथे नाव हाय, ते घरी नाय तर गोडाऊनला जाऊन टाका, तुमच्या कंप्युटरवर, तुमच्या नेटवर. कधी? ते मी कसं सांगू. साहेबाला तो दुपारी भेटणार — नाय, हे मी तुम्हाला बोलली नाय. तुम्ही सावकाश जा. बघा नीट, तुमच्या कामाचं हाय का ते बघा, आणि वाटलं तर घ्या. आणि नाय वाटलं — नाय वाटलं तर नका घेऊ. हो, खरंच बोलते. तुम्ही घ्याच, असं माझ्या अगदी जिभेवर हाय, म्हणून तर बोलते, निघा आता. मी गेटपर्यंत पण येत नाय.