तेरणेतला नांगर

तेरहून बस सुटताना एक शेतकरी हार घालूनच चढला. बायको आधीच जागा धरून बसली होती.

"आवो, हार कशाचा?"

"शहरातली माणसं तेरणा नदीच्या काठानं पायी फिरत जहाजांचा इतिहास शोधत होती. वाळूत आपला मोडका नांगर दिसला. मला इचारलं, हे काय? म्या म्हणलं, नांगर."

"मग?"

"त्यांचे साहेब नाचायलाच लागले. म्हणे, जहाजाचा नांगर घावला!"

"आपला हाय म्हणून सांगितलं न्हाय व्हय?"

"सांगितलं की! तवाच हार घातला. म्हणे, हे दर्यावर्दी घराण्याचे वारस."

"अन् तुमाला पवायला तरी येतं का?"

"साहेबांनी बी हेच इचारलं. म्हणलं, नदीला पाणी आलं की दाखवतो."