फ्रीजातला बर्फ मी काढत न्हाय

माझं नाव हौसाबाई. माहेर कळंबचं, बाप वांगी-गवारी करायचा, आन् तितनं मला दिली ती हितं डाळजला, तर हितं बी वांगीच, म्हंजी जल्माला वांगी लागली ती काय सुटली न्हायती. मालक तापट. तापट म्हंजी वाईट न्हवं, पण एकदा डोस्क्यात बसलं की बसलं. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडं सुदीक येऊ दिलं न्हाय कंदी. पोरगा संजय आन् लेक रंजना. रंजनाला दिली पार सुरतला, आन् मालकांचा सगळा जीव तिच्यावर. संजय म्हणायचा, अण्णांना मी दिसतच न्हाय. खरंच व्हतं ते, खोटं कशाला बोलू.

फ्रीज संजयनं आणला, कंपनीत लागला तवा. जुनाच, कुणा सायबाचा. दाराचं रबर गेलेलं, त्यामुळं दार धड लागंना, भायेरची हवा आत शिरायची आन् वरच्या कप्प्यात बर्फ साचायचा. किती साचावा? दुधाची पिशवी ठिवली तर ती आतच चिकटायची. मालकांनी सायकलची ट्यूब आवळून दार बांधलं, तरी बी तेच. त्या बर्फाचा त्यांना लई राग. उलथनं घ्यायचं आन् खडाखडा खरवडायचं. मी वरडायची, आवो भोक पडंल, गॅस जाईल त्यातला. तर म्हणायचं, तुझ्या तोंडाचा जाईना आदी. मग रिपेरीवाल्यानं सांगितलं, बटन बंद करा, आत ऊन पाण्याचं पातेलं ठिवा, आपसूक सुटतोय. ते मातूर ऐकलं त्यांनी.

तर त्या दिवशी, काय सांगू ताई तुमाला, उन्हाळा असा की कोंबडं सावलीतनं हालंना. सकाळी उठल्या उठल्या मालक म्हणालं, आज ह्या बर्फाची जिरवतो. म्या म्हटलं ऱ्हाऊ द्या, दुपारी लाईट जाणारच हाय, आपसूक सुटंल. ऐकतील ते? बटन बंद केलं, पातेलं ठिवलं, आन् ह्या एवढाल्या लाद्या निघाल्या. घमेली भरभरून दारातल्या डाळिंबाच्या बुडात वतलं. म्हणालं, बघ, आता फ्रीज कसा नव्या नवरीवानी दिसतोय. च्या प्याले आन् वांग्याला पाणी धरायला गेले.

दुपारी वांग्यातच पडले. शेजारच्या वावरातल्या माणसांनी उचलून आणलं, डाक्टर आला, त्यानं बघितलं आन् चप्पल घालून निघाला. तवाच समजलं.

संजय भिगवणला गेला, तितल्या बूथवरनं फोन लावला बहिणीला. ती म्हणली, दादा, मी निगते, उजाडल्यावर पोचते, पण अण्णांना हलवू नका, मला तोंड बघू द्या. आन् आमचे थोरले दीर, तात्या, ते म्हणले, असल्या उन्हात मढं रातभर ठिवायचं? आजच माती आटपा. चार माणसं त्यांच्या बाजूची. मी एवढंच बोलले, रंजी आल्याबिगर न्हाय उचलायचं.

मग संजय म्हणला, भिगवणला मासळीवाल्यांच्यात बर्फाच्या लाद्या मिळत्यात, टेम्पोत घालून आणतो. तर तात्या उठलेच. माळकऱ्याच्या अंगाला मासळीचा बर्फ लावतोस व्हय रे? जित्तेपणी ज्यानं वास घेतला न्हाय त्याला? आन् त्यांचं खोटं बी न्हवतं, त्या बर्फाला वास असतोयच. संजय खाली बसला. आमच्या फ्रीजात बघावं तर काय, कोरडा ठाक. सकाळी ज्या माणसानं बर्फ काढून टाकला, दुपारी त्यालाच बर्फ पायजे, आन् घरात खडा न्हाय. तवा मला हसू आलं बघा. रडू न्हाय, हसूच आलं. बायका म्हणल्या, हिला काय झालं.

मग शेजारची पारू उठली. म्हणली, ज्यांच्या फ्रीजात मटण-मासळीचं वशाट जात न्हाय अशी घरं हायती की वस्तीत. आन् बायका गेल्या. घराघरातनं खरवडल्याचा आवाज यायला लागला. कळशीतनं, पातेल्यातनं, परातीतनं बर्फ यायला लागला, मालकांना ज्याचा राग तोच चुरा. एकीनं घाईत पोरांच्या सरबताचा नारंगी बर्फ आणला, त्याचा डाग धोतरावर उमटला तो तसाच ऱ्हायला. पोती हातरली, भुसा घातला, आन् तात्या, तेच तात्या, म्हणले, डोक्याकडनं जास्त लावा. मी लावत व्हते. इरघळला की पुन्ना लावायचा. हात बधीर झालं, मग दंड, मग मला कायच वाटंना, आन् म्या म्हटलं बरं हाय.

उजाडल्यावर रंजी आली. कडेवर पोर, ते तिनं पारूकडं दिलं. बापाच्या तोंडाजवळचा बर्फ हातानं बाजूला सारला, पापण्यांवरचं पाणी पदरानं टिपलं, गाल लावला गालाला. आन् माझ्याकडं बघून म्हणली, आई, अण्णांना किती गार केलंस गं. एवढी रडली पोर. माझ्या हातात तिचा हात व्हता, पण तो ऊन हाय का गार, मला समजत न्हवतं.

आजून बी मी रडले न्हाय. बायका बोलत्यात, बोलू देत. सैपाक करते, वांगी तोडते, जेवते, झोपते. वाईट वाटतं का, तर तेवढं बी वाटत न्हाय, नुसतं हाय आपलं. संजय म्हणतो, आई, फ्रीजाला नवं रबर बसवू, बर्फ बघ किती साचलाय, दार लागंना. मी म्हणते, हात लावू नको. वस्तीत कुणाची ना कुणाची लेक लांब दिलेली हाय. देवानं कुणावर ती येळ आणू नये. पण आलीच, तर दारात हुबं ऱ्हाऊन इचारायचं न्हाय मला. सरळ आत यायचं आन् न्यायचा.